एक माणूस, एक ब्राउझर

माझ्या दुकानातल्या संगणकावर तीन ब्राउझर आहेत. अकोल्यात ऑनलाईन फॉर्म भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली सापडतील, पण तिन्हींना रोज कामाला लावणारं दुसरं दुकान निदान मी तरी पाहिलेलं नाही. मशीन दुरुस्तीला येणारा माणूस दरवेळी म्हणतो, "ताई, दोन उडवून टाका. जुनी मशीन आहे, हलकी होईल." मी म्हणते, "पंखा साफ करा, त्यांना हात लावू नका."

मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी पहिली. गाव मूर्तिजापूरकडे, घरचा धंदा भाजीपाल्याचा: मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. शिकायला अमरावतीला होते. कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी सर म्हणाले, "ब्राउझर उघडा," तेव्हा मी शेजारच्या मुलीच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि तिनं ज्या चित्रावर क्लिक केलं त्याच चित्रावर क्लिक केलं. पुढची कितीतरी वर्षं मी तेच चित्र उघडत राहिले. दुसरं काही असतं, आणि त्यात निवड करायची असते, हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुकान टाकलं तेव्हा पेंटरला बोर्डावर माझ्या नावापुढे बी.कॉम. लिहायला लावलं. तो म्हणाला, "ताई, फॉर्म भराच्या दुकानावर डिग्री कोनी लिहिते का?" म्हटलं, "मी लिहिते." मला त्यात आजही काही चुकीचं वाटत नाही. फक्त एक कळायला वेळ लागला की, लोक तो बोर्ड वाचून आत येतात आणि मग बाकी काहीच वाचत नाहीत. सगळं माझ्यावर सोडून देतात.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाइकाचा पासवर्ड दुकानातच राहतो. फॉर्म भरताना साईट म्हणते पासवर्ड बनवा, तर दुकानदारच बनवतो, आणि ब्राउझरनं "लक्षात ठेवू का?" विचारलं की डोळे मिटून हो म्हणतो. कारण सहा महिन्यांनी तोच माणूस परत येणार आणि म्हणणार, "तुमच्याचपाशी असन ना ताई थो." शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून गावाला जावं, तसं. माझे सगळे पासवर्ड एकाच साच्यातले असायचे, माणसाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

दुसरी रीत गर्दीच्या दिवसांतली. ॲडमिशनच्या हंगामात साईट रांगत चालते. एक पान फिरत बसलं की दुकानदार रिकामा बसत नाही, शेजारी दुसरा टॅब उघडून दुसऱ्याचा फॉर्म घेतो. मीही घ्यायचे. हात चालतो याचा मला गर्वच होता.

एके वर्षी डिप्लोमाच्या पसंतीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. कोणतं कॉलेज पहिलं, कोणतं दुसरं, हे त्यात सांगायचं असतं. वेळ संध्याकाळी पाचपर्यंत. सकाळी दोन मुली एकदम आल्या. एक झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या घरातली, सोबत तिचे बाबा. तिचं पहिलं नाव अमरावतीचं सरकारी कॉलेज, कारण अमरावतीला तिची मावशी राहते. बाबांनी साफ सांगितलं होतं, "मावशीजोळ राहाले भेटलं तं शिकन, नाईतं इथंच बारावी करन." दुसरी मुलगी एका शाळेतल्या क्लार्कची. तिला पुणं हवं होतं.

फुलवाल्याच्या मुलीचं लॉगिन आधी केलं. त्याचा ओटीपी तिच्या बाबांच्या फोनवर आला, घरात तोच एक नंबर सगळीकडे दिलेला. पान फिरू लागलं, म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये क्लार्कच्या मुलीचं लॉगिन केलं. मग पहिल्यात येऊन अमरावती, अकोला, यवतमाळ अशी नावं भरली, सेव्ह केलं, प्रिंट काढली. दुसऱ्यात जाऊन पुण्याची भरली, प्रिंट काढली. दोघींना कागद दिले. कागद निघाला म्हणजे काम झालं, ही आमच्याकडची पक्की समजूत. फुलवाल्या काकांनी घडी घालून कागद मुलीच्या पिशवीत टाकला आणि अमरावतीच्या दुपारच्या गाडीसाठी रेल्वे स्टेशनवर गेले. मावशीशी राहण्याचं बोलून घ्यायचं होतं. मुलगी गावी जायला एस.टी. स्टँडवर गेली.

दोन वाजता ती परत आली. घामानं भिजलेली, कागद हातात.

"ताई, यावर मायं नाव नाई."

मी कागद पाहिला. खाली अमरावती, अकोला, यवतमाळ. वर नाव, मोबाईल नंबर, जात, मार्क, सगळं क्लार्कच्या मुलीचं.

काय झालं ते तेव्हा मला अर्धंच कळलं, पूर्ण नंतर. साईटच्या हिशेबानं एका ब्राउझरमध्ये एकच माणूस बसलेला असतो. दुसरा टॅब उघडला म्हणून दुसरी खुर्ची लागत नाही. दुसरीचं लॉगिन झालं तशी पहिली खुर्चीवरून उठली होती, आणि मी तिच्या पसंत्या दुसरीच्या खात्यात भरत होते. मग पुण्याची नावं भरली ती त्यांच्यावर बसली. म्हणजे क्लार्कच्या मुलीचा फॉर्म शेवटी बरोबर झाला होता. या मुलीचा फॉर्म कोरा होता.

"काय झालं ताई?"

"सर्वरचा घोळ आहे," मी म्हटलं. आमच्या धंद्यात हे वाक्य जिभेवरच असतं. "थांब, पुन्हा भरू."

पुन्हा भरायला ओटीपी लागणार होता, आणि ओटीपीचा फोन रेल्वेत. माझ्या फोनवरून तिच्या बाबांना लावला. गाडी मूर्तिजापूरला उभी होती म्हणून लागला तरी.

"काका, तुमच्या फोनवर आता सहा आकडे येतील. ते मले वाचून दाखवा."

"कोन बोलून राह्यलं?"

"अकोल्याची फॉर्मवाली ताई. सकाळी नाई का आलते तुमी."

"सकाळी तं आलतो. पन थे ओटीपी कोनाले सांगू नोका म्हन्तात ना? बँकेतल्या पोट्ट्यानं दोनदा सांगतलं मले."

"काका, हा बँकेचा नाई, कॉलेजचा आहे."

"फसवनारे बी असंच म्हन्तात."

मी फोन मुलीकडे दिला. "बाबा, मी हाओ. सांगा लवकर."

"तू हायेस कशावरून? आजकाल आवाज बी काढतात म्हने दुसऱ्याचा. सकाळी मायनं डब्यात काय देल्लं सांग बरं."

"अवो बाबा! ज्वारीची भाकर, आलूवांगं, अन् तुमी मिरची मांगतली तं नाई देल्ली!"

"हाव, बराबर हाये," काका म्हणाले आणि आकडे वाचू लागले. एवढ्यात त्यांच्यामागे गाडीची शिटी ऐकू आली.

माझा नेहमीचा ब्राउझर त्या वेळी पंधरा-वीस टॅबांनी फुगलेला होता. चार जीबीची मशीन. आकडे टाकायचं पान उघडेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. मी दुसरा ब्राउझर उघडला. कधीतरी कोणाच्या सांगण्यावरून टाकून ठेवला होता, कोरा होता, पान चटकन आलं. पण खाली ते वाकडंतिकडं अक्षरांचं चित्र असतं ना, जे पाहून टाइप करायचं, ते दिसेचना. नुसती पांढरी चौकट. हा ब्राउझर बाहेरून येणाऱ्या गोष्टी अडवतो, हे माहीत होतं. त्यानंच ते चित्र अडवलं असणार, हे सुचायला मला दहा मिनिटं लागली. तोवर गाडी मूर्तिजापूर सोडून गेली आणि फोन "संपर्क क्षेत्राबाहेर".

पुढचं मोठं स्टेशन बडनेरा. मुलगी स्टुलावर बसून राहिली. मी नेहमीच्यातले सगळे टॅब बंद केले आणि संगणकासोबतच आलेला तिसरा ब्राउझर उघडला. तो मी आजवर एकदाच वापरला होता, पहिला डाऊनलोड करायला. जगात सगळेच तसं करतात. उघडायला त्यानं वेळ घेतला, पण चित्र दिसत होतं, चौकट दिसत होती, सगळं जागच्या जागी होतं. पान तसंच मांडून ठेवलं.

तीन वाजले. गाडी कुठंतरी बाहेरच उभी असावी. रस्त्यापलीकडे फॉर्म भरणारे एक भाऊ आहेत, धंद्यात माझ्या आधीपासून. त्यांना फोन केला की असं-असं झालंय, आणखी काही रस्ता आहे का. ते हसले. "काही रस्ता नाही. वेळ गेली तर साईटवर ढकल. लोकांना काय कळते? अन् पुढच्या वेळी प्रायव्हेट खिडकीत उघडत जा, बी.कॉम. बाई!"

मी फोन ठेवला. मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिचे बाबा रेल्वेत बसून स्वतःच्या मुलीलाही डबा विचारल्याशिवाय सहा आकडे देत नव्हते, आणि मी इथं बसून तिला सर्वर सांगत होते. मला ते पटेना.

"ऐक," मी म्हटलं. "सर्वरचा घोळ नाही. माझा आहे. दोघींचं एकाच वेळी उघडलं मी, अन् तुझं तिच्यात भरलं."

ती म्हणाली, "मले सकाळीच दिसत होतं तुमी दोघींचं संगंसंगं करून राह्यल्या थे. मले वाटलं, तुमाले येते म्हून करता."

"येत नव्हतं."

"मंग आता एकटं मायंच करा. कोनी आलं तरी उठू नोका."

त्यानंतर दोघं-तिघं येऊन गेले. मी कोणाचंच घेतलं नाही. एक गिऱ्हाईक चिडून म्हणालं, "दुकान उघडं ठिवलं कावून मंग?" मुलीनंच त्याला उत्तर दिलं, "मायासाठी ठिवलं हाये."

पावणेचारला फोन लागला. बडनेऱ्याच्या फलाटावरचा गोंगाट. या वेळी काकांनी डबा विचारला नाही, आकडे दोनदा वाचले, स्वतःहून. लॉगिन झालं. मी पहिल्यांदा वरचं नाव वाचलं, मुलीला वाचायला लावलं. अमरावती, अकोला, यवतमाळ. सेव्ह. पान फिरत राहिलं. मी माऊसला हात लावला नाही. सव्वाचारला हिरवी पट्टी आली. कागद निघाला तो तिनं उभ्याउभ्या वरपासून खालपर्यंत वाचला आणि मगच घडी घातली.

जाताना तिनं सकाळचा तो दुसरा कागद माझ्या टेबलावर ठेवला. "ह्यो त्या पोरीले द्या. सगळं हाये तिचं याच्यात."

तो कागद घेऊन मी त्याच संध्याकाळी क्लार्कसाहेबांकडे गेले. लपवता आलं असतं, त्यांच्या मुलीचा फॉर्म बरोबरच होता. पण कागद तीन तास दुसऱ्याच्या पिशवीत फिरला होता. साहेब म्हणाले, "म्हणजे माझ्या मुलीचा मोबाईल नंबर अख्ख्या एस.टी. स्टँडवर गेला?" म्हटलं, "एका मुलीकडे गेला, तिनं परत दिला. चूक माझी." त्यांनी दार लावून घेतलं. नंतर ते समोरच्या भाऊंकडेच जायला लागले. मी त्यांना दोष देत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. आधी भाऊंनी सांगितलेली ब्राउझरची प्रायव्हेट खिडकी तपासली. एका प्रायव्हेट खिडकीत माझं लॉगिन केलं, दुसऱ्या प्रायव्हेट खिडकीत माझ्या बाबांचं. पहिलीत परत गेले तर तिथंही बाबा! खिडक्या दोन, घर एकच. बंद केल्यावर सगळं विसरते हे खरं, पण उघड्या असेपर्यंत दोन्ही खिडक्या एकमेकींचं सगळं जाणतात. भाऊंना सांगितलं, तर म्हणाले, "इतके वर्स झाले, काही झालं नाही." झालं असेल तरी कळलं कोणाला असतं? कागद कोण वाचतं?

मग एक वही केली आणि तिन्ही ब्राउझरांची परीक्षाच घेतली. कंपन्यांशी माझं भांडण नाही, म्हणून दुकानातली नावं सांगते: पहिला "सगळ्यांचा", दुसरा "पहारेकरी", तिसरा "घरचा". मोबाईलवर सेकंद मोजायचे. सकाळी साईट मोकळी असताना, दुपारी गर्दीत, एक टॅब, दहा टॅब. दोन आठवडे रोज.

सगळ्यांचा एकाच टॅबवर असला की सर्वांत वेगवान. टॅब वाढले की आमच्या जुन्या मशीनचा श्वास कोंडतो. शिवाय तो फार लक्षात ठेवतो. एका काकूंसाठी गुडघेदुखीच्या तेलाचा शोध घेतला, तर पुढचे चार दिवस शेतकऱ्याचा सातबारा काढताना बाजूला तेलाच्याच जाहिराती. सातबारावाले आजोबा म्हणाले, "मशीनले बी गुडघ्याचं कयलं का?" पहारेकऱ्यात जाहिराती जवळजवळ नाहीत, म्हणून पानं हलकी आणि चटकन येतात. पण सरकारी साईटवर कधी चित्र अडवतो, कधी पैसे भरायची खिडकीच उघडू देत नाही. त्या-त्या साईटपुरता पहारा उतरवायचं बटण असतं. ते कुठं आहे, हे त्या दुपारी मला माहीत असतं तर गाडी मूर्तिजापूरला असतानाच काम झालं असतं. घरचा सुरुवातीला रेंगाळतो, पण जुन्या साईटशी त्याचं जमतं, आणि प्रिंट काढताना टेबलाची उजवी कड कापत नाही. दाखल्याच्या कामात ही कड फार महत्त्वाची, कारण सही तिथंच असते.

कोणता चांगला, असं लोक विचारतात. मी विचारते, काम कोणतं? आणि मशीन कोणाची, एकट्याची की चारचौघांची? घरी एकट्याच्या मशीनवर सगळं लक्षात ठेवणारा ब्राउझर म्हणजे सोय. दुकानात तीच सोय म्हणजे दुसऱ्याच्या घराची किल्ली टेबलावर पडलेली.

किल्ल्या किती होत्या, ते मी एका दुपारी पाहिलं. "सगळ्यांचा" ब्राउझरमधली साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडली. खाली सरकवत गेले, सरकवत गेले, संपेना. आजूबाजूच्या गावांतली माणसं, त्यांचे फॉर्म, दाखले. सगळे नाव आणि एक-दोन-तीन. माझ्या खुर्चीवर जो बसेल त्याला खुले. मी पाणी प्यायला उठत होते तेव्हाही खुले.

ठरवलं. जो येईल त्याचा पासवर्ड त्याच्यासमोर बदलायचा, त्याचा त्यानं टाइप करायचा, चिठ्ठीवर लिहून घरी न्यायचा, आणि यादीतून पुसायचा. पुढे तिन्ही ब्राउझरांना सांगून टाकलं की, बंद झाला की सगळं विसर. आणि एका वेळी एका ब्राउझरमध्ये एकच माणूस. दुसरा आला तर दुसरा ब्राउझर, तिसरा आला तर तिसरा. चौथा आला तर बाकावर.

याची किंमत वेगात मोजावी लागते. ब्राउझर काहीच लक्षात ठेवत नाही, तर प्रत्येक साईट त्याला नव्यानं आणावी लागते. समोर भाऊंकडे तीन फॉर्म होतात तेवढ्यात माझे दोन. लोक बोलतात. एक काकू तर भांडल्याच.

"तुयाजवळच राहू दे वो बाई पासवर्ड. माया घरी सून कागद चुलीत घालते."

"मग पाठ करा काकू."

"या वयात?"

"सगळ्या नातवांचे वाढदिवस पाठ आहेत तुम्हाला."

"थे येगळं," म्हणाल्या, पण बोटानं एक-एक अक्षर शोधत त्यांनी पासवर्ड टाकला. शेवटी मी पाहत नाही ना, हे मागं वळून बघितलं. मला बरं वाटलं.

ॲडमिशनच्या पहिल्या यादीत फुलवाल्याच्या मुलीचा नंबर लागला नाही. काका माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही, पण विचारलं, "पोरीनं मले सगळं सांगतलं. आता खरं सांगा मॅडम, थ्या गडबडीनं तं नाई ना गेलं?"

"खरंच सांगते काका. आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा." मुलीला खुर्चीवर बसवलं, मी उठून उभी राहिले. "उघड तुझं तूच." तिनं घरचा ब्राउझर उघडला. काकांनी खिशातला फोन काढून आकडे तिला वाचून दाखवले, मला नाही. फॉर्म तिच्या नावावर, वेळेत, पसंत्या बरोबर. मार्कांची रेषा पहिल्या यादीत तिच्या थोडी वर थांबली होती, एवढंच. काकांनी ती रेषा तिच्याकडून दोनदा समजून घेतली.

"म्हंजे दुसऱ्या यादीत होऊ शकते?"

"होऊ शकते. नाहीही होऊ शकत," मी म्हटलं.

"मावशीले खोली रिकामी ठिवाले सांगतो मंग," काका म्हणाले.

दुसरी यादी लागली त्या दिवशी दुकानात गर्दी होती. बाकावर चौघं बसलेले. ती एकटीच आली आणि रांगेत पाचवी बसली. तिचा नंबर आला तेव्हा पहारेकरी मोकळा झाला होता. तिनं साईट टाकली, चित्र दिसेना, तर मला न विचारता त्या साईटपुरता पहारा उतरवला. मी नुसती बघत राहिले.

"ताई, तिकडं पाहा," ती म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड केलं. तिची बोटं चालली, थांबली. बाबांचा फोन आज तिच्याजवळ होता. आकडे टाकले. पान फिरू लागलं. बाकावरचा एक जण पुटपुटला, "समोर गेलो असतो तं आतापावेतो झालं असतं."

"अमरावती," ती म्हणाली.

मी वळले. ती प्रिंटची वाट पाहत प्रिंटरजवळ उभी होती. पुढे नेण्याच्या कागदपत्रांची यादी मी तिला सांगू लागले, तर तिनं हात केला, "थांबा, मी आधी बंद करते." तिनं लॉगआऊट केलं, ब्राउझर बंद केला आणि बाकावरच्या माणसाला म्हणाली, "या काका, रिकामा झाला."